थंड लोखंडाची कथा

बंदर हे जहाजाचे माहेर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महासागर ओलांडून आलेले जहाज धक्क्याला लागले, दोरखंड बांधले गेले, की त्याची यंत्रेही विसावत असतील, असे काठावरच्या माणसास वाटते. कोळशाच्या जमान्यात ते बरेचसे खरे होते. मुक्काम लांबला की भट्ट्यांतील आग विझू दिली जाई आणि तापलेले लोखंड हळूहळू गार पडे. खलाशांच्या इंग्रजी बोलीतील ‘थंड लोखंड’ या अर्थाचा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा.

पुढे डिझेल इंजिने आली. धक्क्याला लागल्यावर मुख्य इंजिन थांबते खरे; परंतु दिवे, पंप आणि नाशवंत मालाच्या शीतपेट्या यांना अखंड वीज लागते. तिच्यासाठी जहाजावरील जनित्रे रात्रंदिवस तेल जाळीत राहतात. जहाज विसावते, धूर विसावत नाही. त्या धुराचा जाच शेजारच्या वस्तीला आणि त्यातील कार्बन वायूचा भार साऱ्या पृथ्वीला.

उपाय साधा आहे. जहाजाने जनित्रे बंद ठेवावीत व किनाऱ्यावरून वीज घ्यावी. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० साली कागद वाहणाऱ्या जहाजांना उच्च दाबाची वीज पुरवून हे करून दाखविले.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस बंदरात मात्र ही गोष्ट सुखासुखी घडली नाही. एका नव्या कंटेनर धक्क्याचा हवेवर काय परिणाम होईल, याचा पुरेसा विचार झालेला नाही, अशी तक्रार घेऊन सॅन पेद्रोचे रहिवासी आणि पर्यावरण संस्था २००१ साली न्यायालयात गेल्या. २००२ साली न्यायालयाने काम थांबविले. २००३ साली तडजोड झाली. २००४ साली धक्का सुरू झाला तो जहाजांच्या वीजजोडणीसह. २००७ साली कॅलिफोर्निया राज्याने यासंबंधी नियमच केला. जहाज कंपन्यांच्या ताफ्यांनी २०१४ पासून निम्म्या फेऱ्यांत आणि २०२० पासून शेकडा ८० फेऱ्यांत किनाऱ्याची वीज घ्यावी, असे त्यात ठरले. तरीही त्याच धक्क्यावरील काही अटी पाळल्या गेल्या नव्हत्या, हे २०१५ साली उघडकीस आले. करार कागदावर उतरला, तरी त्यावरची नजर काढून चालत नाही, हाच त्याचा धडा.

दुसरी एक गोष्टही विसरता येत नाही. स्वीडनची वीज मुख्यतः जलशक्तीची व अणुशक्तीची. भारतात अजूनही बहुतांश वीज कोळशापासून निघते. तेथे जहाजाची तार जोडली की बंदराची हवा सुधारेल. पण धुराचा बराच वाटा दूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून बाहेर पडेल. गोव्याच्या मुरगाव बंदराने २०२३ साली कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सवलत देणारी ‘हरित श्रेय’ योजना आरंभिली. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु धक्क्यावरचे लोखंड खऱ्या अर्थाने थंड व्हायचे, तर वीजकेंद्रातील कोळशाची भट्टीही विझावी लागेल.