पंडिता रमाबाईंच्या कपाटातली पुस्तकं

मंडळी, एखाद्या माणसाने काय लिहिलं हे शोधणं त्या मानाने सोपं. छापील पुस्तक कुठेतरी सापडतंच. पण त्याने काय वाचलं, कोणत्या वयात वाचलं आणि वाचून काय केलं, याचा माग काढणं फार अवघड असतं. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली ‘साक्ष’ लिहिली. ख्रिस्ती मंडळींत साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाची हकिकत चारचौघांत सांगणं. रमाबाईंची साक्ष मात्र वाचायला घेतली की लक्षात येतं, ही बाई आपल्या श्रद्धेचा प्रवास पुस्तकांच्या नावांनी मोजते आहे. आज आपण तेवढीच वाट धरणार आहोत.

एक सावधगिरी आधीच घेऊन ठेवू. हे लिहिताना रमाबाई पन्नाशीला टेकलेल्या होत्या आणि त्यांची श्रद्धा पक्की झालेली होती. तरुणपणी वाचलेल्या ग्रंथांकडे त्या त्या उंचीवरून मागे वळून बघतात. तेव्हा आपण त्यांचं ऐकायचं, पण हे अंतर विसरायचं नाही.

सुरुवात पुराणांपासून. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला होता. पुढे मुलीला शिकवलं ते या आईने. भागवत मुखोद्गत झालं. घराचा चरितार्थ पुराण सांगण्यावर. तीर्थक्षेत्री जायचं, देवळात बसून पोथी वाचायची, लोक धान्य, वस्त्र, पैसा ठेवून जायचे. आणि इथे रमाबाई एक बारीक गोष्ट नोंदवतात, ती आपल्याला फार मोलाची वाटते. ही पुराणं संस्कृतातच वाचली जात. लोकांच्या भाषेत अर्थ सांगायची पद्धत नव्हती. ऐकणाऱ्याला कळो न कळो, पुण्य कानावर पडण्यातच होतं. हा मुद्दा मनात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती संस्कृत बायबल आलं. गंमत अशी की ते त्यांनी उघडून बघितलं आणि बाजूला ठेवलं. भागवताच्या भाषेत वाढलेल्या कानाला ते संस्कृत परकं वाटलं. यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं. भाषांतर करणाऱ्यांनी ऐकावी अशी ही टीका आहे!

मग कलकत्त्याच्या पंडितांनी सांगितलं, स्त्रियांच्या कर्तव्यावर व्याख्यानं द्या. तयारी म्हणून रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला बसल्या. आता बघा, वाचायला सांगितलं होतं इतरांना उपदेश करण्यासाठी. पण वाचणारी स्वतः स्त्री होती. त्या म्हणतात, हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात, एकमत होतं ते स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्यात. याच सुमारास केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची एक प्रत दिली. रमाबाई कचरल्या, कारण बाईने वेद वाचू नये हे लहानपणापासून मनावर ठसलेलं. तरी वाचला, उपनिषदंही वाचली. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं धर्मांतर हेच. बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी, एक बंद पोथी उघडण्याचं.

पुढचं पुस्तक मात्र कोणी दिलं नाही. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न करून त्या सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत एक छोटं चोपडं सापडलं, बंगाली भाषेतलं लूककृत शुभवर्तमान. ते तिथे कसं आलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. हे मात्र त्यांनी आवडीने वाचलं. संस्कृतातलं बायबल मिटणारी बाई बंगालीतल्या शुभवर्तमानात रमली. नवऱ्याला हे रुचलं नाही. १८८२ मध्ये ते कॉलऱ्याने गेले, आणि लहानग्या मनोरमाला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तिथे मराठी नवा करार वाचला, इंग्रजी शिकायला घेतलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. शंका फिटल्या त्या मुख्यतः नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने. एका मराठी शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याच्या मुलीला पटवलं, असंच म्हणायला हवं.

पण पटलं म्हणजे सगळं पटलं असं नाही. त्र्यैक्य, येशूचा कुमारीपोटी जन्म, यांवरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा पत्रांतून जोरदार वाद झाला. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. बायबल मी स्वतः वाचीन, तुम्ही सांगाल तेवढंच नाही. ही भाषा वेद उघडणाऱ्या बाईचीच आहे.

बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. हे सुचवलं पुन्हा एका पुस्तकाने. कॉर्नवॉलचे विल्यम हॅस्लम हे धर्मगुरू. १८५१ मध्ये स्वतःच प्रवचन देता देता त्यांचं मन पालटलं, आणि ऐकणाऱ्यांतला एकजण ओरडला की पाद्रीच बदलला! धर्माचं सगळं ज्ञान असूनही आत काही घडलेलं नसणं, ही हॅस्लमची अडचण रमाबाईंना आपलीच वाटली.

यानंतरची तीन पुस्तकं वेगळ्या जातीची. चायना इनलँड मिशनची कथा, ब्रिस्टलमध्ये कुणाकडे वर्गणी न मागता हजारो अनाथ मुलं सांभाळणारे जॉर्ज म्युलर, आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन. पेटननी बेटावर विहीर खणून गोडं पाणी काढलं होतं. दुष्काळ भोगलेल्या वाचकाला ते पान कसं लागलं असेल! रमाबाईंना प्रश्न पडला तो अगदी व्यावहारिक. देवावर असा भरवसा इंग्लंडात, चीनमध्ये ठेवता येतो. हिंदुस्थानात का नाही? हा प्रश्न हवेतला नव्हता. धर्मांतराच्या वादात १८९३ मध्ये पुण्यातल्या पालकांनी शारदासदनातून मुली काढून नेल्या होत्या. अमेरिकेतल्या मंडळाने मदतीची हमी दिली होती ती दहा वर्षांची, आणि ती मुदत संपत आली होती. अशा वेळी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. केडगावचं मुक्तिसदन त्यातून उभं राहिलं. हिशेब जमत नसताना उचललेल्या या पावलामागे ती तीन चरित्रं होती, हे त्या स्वतःच सांगतात.

आणि आता तो मनात ठेवलेला मुद्दा. उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबलाचं मराठी करायला बसल्या. असलेली भाषांतरं त्यांना संस्कृतप्रचुर वाटत. केडगावच्या बायकांना, ज्यांतल्या कित्येक तिथे येऊनच अक्षरं शिकल्या, कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. मूळ शब्द सोडायचा नाही या हट्टाने वाक्यं काही ठिकाणी अवघडली, हे मान्यच करायला हवं. पण पुण्य नुसतं कानावर पडू देणाऱ्या पोथीशी त्यांचं जुनं भांडण होतं, ते इथे मिटलं. छपाईही केडगावच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई झोपेतच गेल्या, असं सांगतात. संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.