यूडोरा

स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात (अर्बाना-शँपेन) मॅकिंटॉश संगणकासाठी लिहिलेला ईमेल प्रोग्राम. नाव अमेरिकन कथालेखिका यूडोरा वेल्टी यांच्यावरून. पोस्टात मुक्काम हलवणाऱ्या नायिकेची त्यांची कथा डॉर्नर यांच्या मनात होती. १९९१ मध्ये क्वालकॉम कंपनीने तो घेतला. पुढे विंडोजवरही आला.

टपाल वापरणाऱ्याच्याच संगणकावर, साध्या मजकुराच्या फाइलींत राहत असे आणि जोडपत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये जात. यूडोराचे खरे मोठेपण इथेच आहे: जुनी पत्रे आजही साध्या संपादकात उघडून वाचता येतात. आउटलुकसारखे प्रोग्राम इतर सॉफ्टवेअरसोबत आयते मिळू लागल्यावर स्वतंत्र ईमेल प्रोग्रामचा धंदा आटला. २००६ मध्ये क्वालकॉमने विकास थांबवला.

पहिला वारस म्हणजे थंडरबर्ड या दुसऱ्या ईमेल प्रोग्रामच्या पायावर उभारलेला, आधी ‘पेनेलोपी’ आणि नंतर ‘यूडोरा ओएसई’ म्हणून ओळखला गेलेला मुक्त प्रकल्प. २०१० मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. पण आत थंडरबर्डच असल्याने जुन्या वापरकर्त्यांना त्यात आपला यूडोरा सापडला नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने, क्वालकॉमशी पाच वर्षे बोलणी केल्यानंतर, मूळ प्रोग्रामचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. त्यावरूनच विंडोजसाठीचा ‘हर्मिस’ प्रकल्प सुरू झाला.