मारिया सिबिला मेरियन यांची पुस्तके : सुरवंटापासून सुरिनामपर्यंत

सतराव्या शतकातील युरोपात किडे चिखलातून किंवा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप जन्माला येतात, असा समज रूढ होता. त्याच काळात मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) घरी सुरवंट पाळून त्यांचे निरीक्षण करत होत्या. फ्रँकफर्टमध्ये जन्मलेल्या मेरियन सावत्र वडिलांकडे चित्रकला शिकल्या आणि तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाच्या किड्यांचा अभ्यास सुरू केला.

सुरवंटांची पुस्तके

त्यांचे पहिले प्रकाशन फुलांच्या चित्रांचे होते. १६७९ मध्ये सुरवंटांवरील पुस्तकाचा पहिला भाग आला आणि १६८३ मध्ये दुसरा. प्रत्येकात ५० चित्रे होती. अंडे, सुरवंट, कोष, फुलपाखरू किंवा पतंग आणि सुरवंटाचे खाद्य असलेली वनस्पती हे सारे एकाच चित्रात दिसत असे. मजकूर विद्वानांच्या लॅटिनऐवजी जर्मनमध्ये होता. तिसरा भाग त्यांच्या निधनानंतर धाकटी मुलगी डोरोथिया हिने प्रसिद्ध केला.

सुरिनामचा ग्रंथ

१६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, मेरियन डोरोथियाला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेल्या. खर्चासाठी त्यांनी आपली चित्रे विकली होती. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतावे लागले. त्यानंतर १७०५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ६० चित्रांचा भव्य ग्रंथ लॅटिन आणि डच भाषांत निघाला.

स्थानिक आदिवासी आणि गुलामांनी दिलेली माहितीही त्यात आहे. आपल्याकडे शंकासुर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाबद्दल मेरियन लिहितात, की आपली मुले गुलामगिरीत जन्मू नयेत म्हणून गुलाम स्त्रिया त्याच्या बिया गर्भपातासाठी वापरत. कीटकांच्या पुस्तकात वसाहतीतील क्रौर्याची अशी नोंद झाली.

शंका आणि पुरावा

लिनियस यांनी अनेक जातींना शास्त्रीय नावे देताना मेरियन यांच्या चित्रांचा आधार घेतला. एकोणिसाव्या शतकात मात्र त्यांच्यावर टीका झाली. हमिंगबर्ड खाणाऱ्या मोठ्या कोळ्याचे चित्र तर अनेकांना कपोलकल्पित वाटले. पुढे हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात कोळ्याच्या तावडीत सापडलेले छोटे पक्षी पाहिले. १८६३ मधील त्यांच्या पुस्तकात ही नोंद आली आणि मेरियन यांच्या चित्राला दुजोरा मिळाला.

मेरियन यांच्या चुकाही झाल्या. 'कंदील माशी' नावाचा कीटक रात्री उजेड देतो, असे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात तो चमकत नाही. तरीही कीटक आणि त्याची खाद्यवनस्पती यांचे नाते एकत्र दाखवण्याची त्यांची पद्धत टिकली. आज त्यांना परिसंस्थाशास्त्राच्या अग्रदूतांपैकी एक मानले जाते. जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवरही त्यांचे चित्र होते.