मेघगर्जनेने उचलून नेलेला मांत्रिक

साहित्याच्या विद्यार्थ्यांना नाम्बिक्वारा हे नाव भेटते ते बहुधा देरिदांच्या वाटेने. लिहिता न येणारा टोळीप्रमुख कागदावर नागमोडी रेघा ओढतो आणि आपल्या माणसांसमोर त्या वाचण्याचा आव आणतो, हा क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९५५ साली 'त्रिस्त त्रोपिक'मध्ये वर्णिलेला प्रसंग. देरिदांनी १९६७ मध्ये त्याची उलटतपासणी केली आणि ब्राझीलच्या मातु ग्रोसु प्रांतातली ही माणसे लेखनविषयक वादातले एक उदाहरण होऊन बसली.

आम्हांस मात्र त्याच १९३८ सालातली दुसरी एक घटना अधिक मोलाची वाटते. लेव्ही-स्त्रोस यांनी ती १९४९ च्या मांत्रिकाविषयीच्या निबंधात सांगितली आहे. ('मांत्रिक' हा शब्द आम्ही नाइलाजाने वापरतो, आपल्याकडचा 'भगत' कदाचित अधिक जवळचा ठरावा.) साथींनी खिळखिळ्या झालेल्या, भिन्न भाषा बोलणाऱ्या दोन टोळ्या एकत्र राहत होत्या. त्यांतला मांत्रिक एका संध्याकाळी नाहीसा झाला. रात्री तो तळाजवळच कुडकुडत बसलेला सापडला. अंगावर ना कमरपट्टा, ना माळा, ना बाजूबंद. मेघगर्जनेने आपल्याला पंचवीस किलोमीटर दूर नेले, सारे हिरावून घेतले आणि परत आणून टाकले, असे त्याने सांगितले. तो शेजारच्या टोळीशी गुप्त बोलणी करायला गेला होता, अशी कुजबुजही झाली. पण असा प्रवास घडूच शकत नाही, असे कोणी म्हणाले नाही. शंका होती ती एवढीच, की या खेपेस तो खरोखर घडला का.

निबंधाचा भर सामूहिक विश्वासावर आहे. अंगावरून गेलेल्या माळांकडे त्यात फारसे लक्ष जात नाही. नाम्बिक्वारांपैकी मामाइंदे गटाचा पुढे जो अभ्यास झाला, विशेषतः जुआना मिल्लेर यांचा, त्यातून या माळांचे मोल कळते. तिथे अलंकार म्हणजे केवळ शोभा नव्हे. तो माणसाच्या असण्याचाच भाग. भुतेखेते माळ तोडून नेतात तेव्हा माणूस आजारी पडतो आणि मांत्रिक ती परत आणतो. तेव्हा इतरांच्या माळा परत आणणाराच त्या रात्री रिकाम्या गळ्याने बसला होता.

बाहेरून येणाऱ्याशी व्यवहार करणे हेच मांत्रिकाचे काम. आणि बाहेरचे जग तर १९०७ पासून रोंदों यांच्या तारायंत्राच्या तारेवरून येतच होते. रेडिओमुळे ती तार लवकरच निरुपयोगी ठरली, मात्र तिच्या वाटेने आलेली गोवरासारखी दुखणी गेली नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हजारोंनी मोजली जाणारी ही जमात १९७०च्या सुमारास काहीशेंवर आली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून कुयाबा-पोर्तु वेल्यु रस्ता पक्का झाला, १९८४ मध्ये. ग्वापोरे खोऱ्यातल्या त्यांच्या जमिनींवर तोवर गुरांची कुरणे पसरलीच होती.

आणि 'नाम्बिक्वारा' हे नावही त्यांचे नव्हे. ते तुपी भाषेतले, 'कान टोचलेले' अशा अर्थाचे, परक्यांनी चिकटवलेले. कान टोचलेले दुसरेच कोणी असावेत, असे जाणकार मानतात.