दवाखान्याचा उंबरठा

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. पण त्या वाटेवर दवाखान्याचा उंबरठा लागतो आणि तो ओलांडायला आपल्या बायका कचरतात. का कचरतात, त्याचा थोडा इतिहास आज सांगतो.

आधी घरचीच गोष्ट. माझ्या पत्नीचे दुसरे बाळंतपण जोखमीचे होते, रक्तदाब वाढलेला. एकदा तपासणीला चार दिवस उशीर झाला, तेव्हा डॉक्टर चारचौघांत तिच्यावर ओरडले. ती गप्प राहिली. पुढच्या खेपेला तिचे डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी तिने ते सांगितले नाही. "पुन्हा बोलणी कोण खाईल?" हे तिने मला रात्री सांगितले. त्याच रात्री गाडी करून गेलो, म्हणून दोन्ही जीव वाचले. मी एम. ए. झालेला, मुलांना इतिहास शिकवणारा माणूस; पण तिची तपासणी चालली असता बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो!

हे गप्प बसणे जुने आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. बाया आपले दुखणे पुरुष डॉक्टरांपुढे उघड करीत नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, १८८७ साली, त्यांचे निधन झाले. काम करायला आयुष्य पुरले नाही, पण दुखणे नेमके कुठे आहे ते त्यांनी दाखवले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जुन्या चांदा जिल्ह्यातून १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात सुमारे आठच होत्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना कळले, की बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही, असे नव्हे.

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असे आदिवासींना विचारण्यात आले. ते म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. घरच्या माणसांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे कापड आम्ही मढ्यावर घालतो. तिथे आमचा देवही नाही. यावर कोणी हसले नाही. शोधग्राम येथे झोपड्यांच्या पाड्यासारखा दवाखाना उभा राहिला, नातेवाइकांना रोग्यापाशी राहता येऊ लागले, आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. रोग्याने बदलावे असे सांगण्याआधी दवाखाना बदलला!

पुढे १९९५ पासून ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवण्यात आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभर 'आशा' ताई जे काम घरोघर करतात, त्याची एक मुळी इथे आहे.

डॉक्टरांचीही बाजू आहे. दारात रांग, हाताशी माणसे थोडी, आणि अडलेली बाई पुष्कळदा अखेरच्या घटकेला येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाटच बंद. अशा वेळी डॉक्टरांचा राग बहुधा भीतीतून येतो. पण ते कारण समजले, तरी बाईने गप्प बसणे परवडत नाही.

तेव्हा काय करावे? तपासणीला एकटे जाऊ नये. नवरा, सासू, आशाताई कोणीतरी सोबत असावे. विचारायचे ते आधी कागदावर उतरवावे. लिहिता येत नसेल तर गुरुजींनी लिहून द्यावे. तपासणीचे कार्ड जपावे. "डॉक्टरसाहेब, समजलं नाही, पुन्हा सांगा," असे म्हणण्यात कमीपणा नाही. अगदीच पटत नसेल तर दुसरा डॉक्टर पाहावा, पण तपासणी सोडू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. २०१६ सालापासून ही सोय आहे. आणि डोके सारखे दुखणे, अंधारी येणे, तोंडावर सूज, झटके, रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही झाले तर रात्र पाहू नये, कोणाच्या रागाची तमा बाळगू नये.

शिक्षकांनो, तुमच्या शाळेतल्या मुलाची आई आज कदाचित अशीच गप्प बसलेली असेल. आणि पुरुष मंडळींनो, बाहेरचे बाक सोडा. आत चला.