बोलणारा कोण, लिहिणारा कोण?



साहित्यावर बोलण्याचा अधिकार आम्हाला पदवीने दिलेला नाही. तो एका फजितीने दिला. काही वर्षांपूर्वी आम्ही कारखान्याच्या फाटकावर एक पत्रक वाटले. त्यात मालकाच्याच तोंडून लिहिले होते की, कामगाराची जेवणाची सुट्टी ही निव्वळ चैन आहे, ती बंद करावी. लोक हसतील, हा आमचा अंदाज. झाले भलतेच! युनियनने सुट्टी विकली, असे समजून दुसऱ्या पाळीचे लोक आमच्याच कचेरीवर चालून आले. पुढे वाचता वाचता कळले की, आमच्या आधी एक थोर लेखक याच खड्ड्यात पडला होता.

तो लंडनचा डॅनियल डिफो. इंग्लंडच्या राजमान्य चर्चला न मानणाऱ्या पंथीयांपैकी तो एक. १७०२ साली राणी अ‍ॅन गादीवर आली आणि कडव्या चर्चवाद्यांना चेव चढला. त्याच डिसेंबरात डिफोने निनावी पुस्तिका काढली. तीत बोलणारा होता असाच एक कडवा चर्चवादी. तो म्हणतो, या पंथीयांच्या सभेत जो सापडेल त्याला हद्दपार करा, उपदेशकाला फाशी द्या! उपरोध कोणाच्या ध्यानी आला नाही. कडव्यांपैकी काहींनी पुस्तिका डोक्यावर घेतली, पंथीय भेदरले. लेखक कोण हे फुटताच दोन्ही पक्ष खवळले. पार्लमेंटच्या हुकमाने पुस्तिका जाळली गेली. जुलै १७०३ मध्ये डिफोला तीन दिवस मान आणि हात खोड्यात अडकवून भर रस्त्यात उभे केले. दंड आणि तुरुंग वेगळाच.

आता जोनाथन स्विफ्ट पाहा. १७२९ साली आयर्लंडात उपासमार होती आणि जमीनदार खंड वसूल करून इंग्लंडात उडवीत होते. स्विफ्टचा निवेदक शांतपणे हिशेब मांडतो: गरिबांची दरसाल १,२०,००० मुले; २०,००० वंशवृद्धीसाठी राखावी, उरलेली १,००,००० वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावी. मग तो म्हणतो की, परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, देशी माल वापरा, असले उपाय मला सांगू नका. बंधुहो, खरी मेख इथेच आहे. निवेदक जे झिडकारतो, तेच स्विफ्टचे म्हणणे. देशी माल वापरण्याचा उपदेश त्याने १७२० सालीच स्वतःच्या मताने छापला होता.

दोघांत फरक कोणता? डिफोने जे लिहिले, ते खरोखर बोलणारे लोक तेव्हा गावात होते. म्हणून सोंग ओळखू आले नाही. स्विफ्टचा हिशेब इतका अमानुष की, तो लेखकाचा असणे शक्यच नाही, आणि खरे उपाय त्याने निवेदकाच्या नकारात ठेवून दिले. आमच्या पत्रकात अशी खूण नव्हती. जेवणाची सुट्टी तोडणारा मालक कामगारांनी पाहिलेला होता. तेव्हा वाचणारे मूर्ख नव्हते. चूक आमची होती.

त्या दिवसापासून आमच्या अभ्यासवर्गात कोणताही कागद आला, मग ती कादंबरी असो की नोटीस, पहिला प्रश्न ठरलेला: यात बोलतो कोण, आणि लिहितो कोण? आपणही घरी जाऊन तो विचारून पाहावा, एवढीच विनंती.