ग्रामपंचायतीचे हिशेब कोण ठेवतं? त्यासाठीचं प्रशिक्षण कसं असतं?

गावात गटाराचं काम पूर्ण झालेलं असतं. ठेकेदाराचं बिल ग्रामपंचायतीत आलेलं असतं आणि खात्यात पैसेही असतात. तरीही बिल निघत नाही. चौकशी केली की उत्तर मिळतं, "मागच्या महिन्याचा हिशेब ऑनलाइन बंद झालेला नाही" किंवा "सरपंचांच्या डिजिटल सहीची मुदत संपली आहे."

अशी अडचण निधीच्या टंचाईमुळे येत नाही, ती हिशेबामुळे येते. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांचे हिशेब नेमकं कोण ठेवतं आणि ते ठेवायला त्यांना कोण शिकवतं, ते समजून घेऊया.

ग्रामपंचायतीत लेखाधिकारी असतो का?

जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी असतात. पंचायत समितीत सहायक लेखा अधिकारी असतात. ग्रामपंचायतीत मात्र हिशेबासाठी असं स्वतंत्र पद नाही. हे काम ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे, म्हणजे ग्रामसेवकाकडे असतं. मोठ्या गावांमध्ये या पदावर ग्रामविकास अधिकारी असायचे. 2024 मध्ये राज्य सरकारने ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव देण्याचा निर्णय घेतला. बोलण्यात अजून ग्रामसेवक किंवा 'भाऊसाहेब' हेच शब्द चालतात.

ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. भरतीसाठी बारावीला ठरावीक टक्के, कृषी पदविका किंवा समाजकार्याची पदवी अशी पात्रता आतापर्यंत मागितली गेली आहे. लेखाशास्त्र शिकलेलं असण्याची अट नसते. त्यामुळे रोकड वही, ताळमेळ, कर कपात या गोष्टींशी अनेकांचा पहिला संबंध नोकरी लागल्यावरच येतो. त्यात जन्म-मृत्यू नोंदणी, घरकुल, ग्रामसभा, करवसुली ही कामंही त्याच व्यक्तीकडे असतात. अनेकदा शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभारही असतो.

पैसा कुठून येतो?

ग्रामपंचायतीच्या मुख्य खात्याला ग्रामनिधी म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं हे गावाचं स्वतःचं उत्पन्न त्यात जमा होतं. या उत्पन्नातला 15 टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी करायचा असतो.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचं अनुदान. 14व्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळासाठी देशातल्या ग्रामपंचायतींना 2 लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेची शिफारस केली. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली.

हा पैसा हवा तसा खर्च करता येत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या ग्रामपंचायतीला 10 लाख रुपये मिळाले, तर त्यातले 6 लाख 'बंधित' असतात. यातले 3 लाख पिण्याच्या पाण्यासाठी आणि 3 लाख स्वच्छतेसाठी असतात. उरलेले 4 लाख 'अबंधित' असतात, ते गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतात. पण त्यातूनही पगार किंवा कार्यालयाचा आस्थापना खर्च भागवता येत नाही. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के थेट निधी मिळतो, त्याचा हिशेब वेगळा.

'एक ते तेहतीस नमुने' म्हणजे काय?

ग्रामपंचायतीचं दप्तर कसं ठेवायचं, हे महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता 2011 मध्ये सांगितलं आहे. त्यात 1 ते 33 नमुने आहेत. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 5 रोकड वही, नमुना 7 सामान्य पावती. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही. घराचा उतारा काढताना गावकऱ्यांचा संबंध याच नमुन्याशी येतो. नमुना 9 कराच्या मागणीचा, तर नमुना 10 कर पावतीचा. शेवटचा नमुना 33 गावातल्या झाडांच्या नोंदीचा आहे.

हे नमुने एकमेकांत गुंतलेले असतात. घरपट्टीची पावती फाडली की ती रक्कम रोकड वहीत यावी लागते, मागणी नोंदवहीत त्या घरासमोरची बाकी कमी व्हावी लागते आणि बँकेच्या पासबुकातही भरणा दिसावा लागतो. यातली एक नोंद राहिली की महिनाअखेर ताळमेळ बसत नाही. लेखापरीक्षकाला पावती दिसते पण भरणा दिसत नाही, तेव्हा त्याच्यासमोर प्रश्न उभा राहतो की ही विसरलेली नोंद आहे की अपहार?

ऑनलाइन झाल्यावर काम सोपं झालं का?

24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने ई-ग्रामस्वराज हे पोर्टल सुरू केलं. वित्त आयोगाच्या निधीतला खर्च त्यावरूनच होतो. काम आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. मग देयक तयार होतं, सचिव आणि सरपंच आपापली डिजिटल सही करतात आणि पैसे पीएफएमएस प्रणालीतून थेट ठेकेदाराच्या खात्यात जातात. देयकातून आयकराचा टीडीएस कापायचा असतो. कंत्राट अडीच लाखांहून मोठं असेल तर 2 टक्के जीएसटी टीडीएसही कापावा लागतो.

रोख व्यवहार थांबल्यामुळे पारदर्शकता वाढली. पण पोर्टल नोंद योग्य की अयोग्य हे ठरवत नाही. पाण्याच्या निधीतून रस्त्याचं देयक काढलं, तर ती चूक पुढे लेखापरीक्षणात अडकते.

प्रशिक्षण कोण देतं?

राज्यातली मुख्य संस्था म्हणजे पुण्याची यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजेच 'यशदा'. तिथे अभ्यासक्रम तयार होतो आणि प्रवीण प्रशिक्षक घडवले जातात. हे प्रशिक्षक पुढे जिल्हा आणि तालुका पातळीवर वर्ग घेतात. नव्या ग्रामसेवकांसाठी पायाभूत प्रशिक्षण आणि नंतर उजळणी वर्ग, अशी रचना असते. यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय ग्रामस्वराज अभियानातून निधी मिळतो. हे अभियान 2018 मध्ये सुरू झालं आणि 2022 मध्ये सुधारित स्वरूपात पुढे नेण्यात आलं. देशाचे महालेखापरीक्षक म्हणजे 'कॅग' आणि सनदी लेखापालांची संस्था आयसीएआय यांनी पंचायती व नगरपालिकांच्या लेखापालांसाठी ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही सुरू केला आहे.

प्रशिक्षण कुठे कमी पडतं?

पहिली अडचण विषयांच्या गर्दीची. नवी योजना, नवं ॲप, नवं परिपत्रक आलं की त्याचं प्रशिक्षण होतं आणि हिशेबाला त्यातलं एखादं सत्र मिळतं. 'कुठे क्लिक करायचं' हे कळतं. पण ती नोंद त्या शीर्षाखाली का करायची, हे कळतंच असं नाही.

दुसरी अडचण पद्धतीची. हिशेब भाषण ऐकून येत नाही, तो लिहून येतो. ग्रामसेवकाने स्वतःच्या गावाचं पासबुक आणि रोकड वही सोबत आणून एका महिन्याचा ताळमेळ वर्गातच बसवला, तर ते जास्त उपयोगी ठरतं. मागच्या लेखापरीक्षणातले आक्षेप घेऊन त्यांची पूर्तता कशी लिहायची, हाही चांगला धडा असतो.

तिसरी अडचण दप्तराची. बदली झाल्यावर जुन्या ग्रामसेवकाने दप्तर पूर्ण करून सोपवणं अपेक्षित असतं. अर्धवट दप्तर ताब्यात आलं, की नव्या माणसाच्या प्रशिक्षणाचा उपयोग मागच्या चुका शोधण्यातच संपतो. त्यामुळे कार्यभार घेताना काय काय तपासून सही करायची, हे शिकवणंही तितकंच गरजेचं आहे.

सरपंचांनी हे का शिकायचं?

खर्चावर सही दोघांची असते, त्यामुळे जबाबदारीही दोघांची असते. नियमबाह्य खर्च ठरला तर रक्कम संबंधितांकडून वसूल होऊ शकते. राज्यात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण आहे आणि अनेक जणी पहिल्यांदाच कारभारात येतात. 'भाऊसाहेबांनी सांगितलं म्हणून सही केली' हे उत्तर चौकशीत टिकत नाही. डिजिटल सहीचं उपकरण आणि पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे सही केलेला कोरा चेक देण्यासारखंच आहे. म्हणून सरपंच आणि सचिवांना निदान हिशेबाच्या सत्रासाठी तरी एकत्र बसवणं फायद्याचं ठरतं.

हिशेब चुकला तर गावाचं काय नुकसान होतं?

ग्रामपंचायतींच्या हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. 15व्या वित्त आयोगाने त्यात आणखी एक अट जोडली. 2023-24 पासून मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असलेल्या संस्थांनाच अनुदान मिळेल, असं ठरलं. म्हणजे कार्यालयात हिशेब अपूर्ण राहिला, तर त्याचा फटका नळाला, गटाराला आणि अंगणवाडीच्या दुरुस्तीला बसू शकतो.

गावकऱ्यांना काय पाहता येतं?

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च कुणालाही पाहता येतो. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे आक्षेप, त्यांच्या उत्तरांसह ठेवणं कायद्याने अपेक्षित आहे.

त्या सभेत तीन प्रश्न विचारता येतात. वर्षअखेर किती पैसे शिल्लक होते? रोकड वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळते का? लेखापरीक्षणातले किती आक्षेप अजून बाकी आहेत? दप्तर नीट असेल तर ही तिन्ही उत्तरं तिथल्या तिथे मिळतात.